चिक वेब : चौथऱ्यावरचा राजा

जाझ वाद्यवृंदात ड्रमवादक बहुधा सर्वांच्या मागे बसतो. लोकांचे लक्ष असते ते गायकाकडे. चिक वेबने मात्र ताल धरण्याच्या याच जागेवरून अख्ख्या वाद्यवृंदाचे नेतृत्व केले.

त्याचे मूळ नाव विल्यम हेन्री वेब. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात एका कृष्णवर्णीय कुटुंबात तो जन्मला. बालपणीच मणक्याच्या क्षयाने त्याला गाठले. पाठीला कुबड आले, उंची खुंटली. आखडलेल्या सांध्यांना व्यायाम व्हावा म्हणून तो ड्रमकडे वळला, असे सांगतात. वाद्य विकत घेण्यासाठी त्याने वर्तमानपत्रे विकली. ठेंगण्या अंगलटीमुळे मिळालेले 'चिक', म्हणजे पिल्लू, हे नावच पुढे जगभर झाले.

तरुणपणी तो न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आला. तेथे १९२६ मध्ये सॅव्हॉय हे नृत्यगृह सुरू झाले. काळे-गोरे एकाच फरशीवर नाचत, अशा त्या काळातील मोजक्या जागांपैकी ती एक. १९३० नंतरच्या दशकात वेबचा वाद्यवृंद म्हणजे सॅव्हॉयची शान होती. त्याला स्वरलिपी वाचता येत नसे. प्रत्येक रचना तो ऐकून मुखोद्गत करी आणि कोण कोठे चुकला हे अचूक हेरी. उंच चौथऱ्यावर, खास बनवून घेतलेल्या ड्रममागे बसून तो सर्वांना खेळवी.

१९३५ मध्ये त्याने एका निराधार मुलीला गायिका म्हणून घेतले. तिचे रूप पाहून आधी तो कचरला होता. रूपावरून माणूस जोखला जाण्याचे दुःख ज्याने स्वतः भोगले, त्यालाही हा मोह सुटला नाही! पण आवाज ऐकल्यावर कानाने डोळ्यांवर मात केली. ती मुलगी म्हणजे एला फिट्झजेराल्ड. १९३८ मध्ये तिच्या 'अ-टिस्केट, अ-टास्केट' या गाण्याने वाद्यवृंदाला देशभर कीर्ती मिळवून दिली.

११ मे १९३७ रोजी सॅव्हॉयमध्ये बेनी गुडमनच्या नामांकित वाद्यवृंदाशी त्याचा सामना झाला. हजारो लोकांना आत जागाच मिळाली नाही. श्रोत्यांनी कौल वेबला दिला. गुडमनचा ड्रमवादक जीन क्रूपा हा स्वतः मोठा कलावंत, पण त्याने वेबपुढे मान लववली.

शरीर मात्र हार मानत होते. वेदना लपवून तो वाजवीत राहिला. १६ जून १९३९ रोजी बाल्टिमोरमध्येच त्याचे निधन झाले. वाद्यवृंद थांबला नाही. पुढे १९४२ पर्यंत तो एलाच्या नावाने चालला. ज्या मुलीला घेताना वेब कचरला होता, तिनेच त्याचा ताल पुढे नेला.