विश्लेषण : सांगलीचे प्राचार्य ते देशातील इंग्रजी शिक्षकांचे शिक्षक… वि. कृ. गोकाक यांचे काम आजही का महत्त्वाचे?

सांगली आणि मिरज यांच्यामध्ये विश्रामबागेत असलेल्या विलिंग्डन महाविद्यालयाचे प्राचार्यपद एकेकाळी एका कन्नड कवीकडे होते. विनायक कृष्ण गोकाक हे त्यांचे नाव. पुढे इंग्रजीच्या शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या हैदराबादच्या केंद्रीय संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली आणि आयुष्याच्या उत्तरार्धात शाळेत मातृभाषेला पहिले स्थान देणारा अहवालही त्यांच्याच नावाने ओळखला गेला. वरवर विसंगत वाटणाऱ्या या दोन कामांमागे एकच सूत्र होते.

गोकाक कोण होते?

जन्म 9 ऑगस्ट 1909, सध्याच्या हावेरी जिल्ह्यातील सवणूर येथे. धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकत असताना कवी द. रा. बेंद्रे यांचा सहवास त्यांना लाभला आणि ते कन्नड काव्याकडे वळले. ‘विनायक’ या नावाने ते लिहू लागले. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी शिकवले. त्यानंतर ऑक्सफर्डला जाऊन इंग्रजीची पदवी प्रथम श्रेणीत मिळवली. परतल्यावर डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या सांगलीतील विलिंग्डन महाविद्यालयाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचेही ते प्राचार्य होते.

सांगलीत त्यांच्यासमोर कोणते विद्यार्थी होते?

विलिंग्डन महाविद्यालय 1919 मध्ये सुरू झाले. सांगली त्या वेळी पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती आणि महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी जोडलेले होते. वर्गात मराठी बोलणारी मुले असत, तशीच कन्नड बोलणारीही. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि वर्गात तिसरी, ही या सीमाभागातली नेहमीची स्थिती. कॉलेजात अध्यापन इंग्रजीतून होई. विषय समजण्याआधी भाषेचाच अडसर पार करावा लागे. स्वतः कन्नड घरातून आलेल्या गोकाकांना हा अडसर परका नव्हता.

शिक्षकांचा प्रश्न केव्हा तीव्र झाला?

स्वातंत्र्यानंतर. खेडोपाडी शाळा निघू लागल्या. सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने माध्यमिक शाळांचे जाळे विणले. शाळा काढायची तर आधी शिक्षक घडवावा लागतो, हे कर्मवीरांनी ओळखले होते. म्हणूनच साताऱ्यात 1935 मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय, तर 1955 मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन उभे राहिले. आजचा सांगली जिल्हा तेव्हा ‘दक्षिण सातारा’ होता. 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

इंग्रजीची अडचण मात्र इतर विषयांपेक्षा वेगळी होती. मुंबई राज्याने इंग्रजीची सुरुवात आठवीपर्यंत पुढे ढकलली होती. म्हणजे भाषेसाठी मिळणारी वर्षे कमी झाली आणि शिकणाऱ्यांची संख्या वाढली. शिकवणारेही बहुतेक भाषांतर पद्धतीने शिकलेले. धडा वाचायचा, शब्दार्थ द्यायचे, मराठीत अर्थ सांगायचा आणि व्याकरणाचे नियम पाठ करून घ्यायचे, हा क्रम. मुलाला नियम येत. पण साधे वाक्य बोलता येत नसे. ज्या शिक्षकाने स्वतः ही भाषा फारशी ऐकलेली नाही, त्याने ती बोलायला कशी शिकवायची?

हैदराबादला काय घडले?

केंद्र सरकारने 1958 मध्ये हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश स्थापन केली. सुरुवातीच्या वर्षांत, 1959 ते 1966, तिचे संचालकपद गोकाकांकडे होते. साहित्याचा अभ्यासक आणि कवी असलेला हा माणूस आता उच्चारशास्त्र, वाक्यरचनांची क्रमवारी, पाठ्यपुस्तके आणि वर्गातील सराव यांत गुंतला. संस्थेत शिक्षक आणि प्रशिक्षण महाविद्यालयांतील अध्यापक काही महिने राहून शिकत. इंग्रजीचे ज्ञान आणि इंग्रजी शिकवण्याचे कौशल्य या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या प्रशिक्षणाचे गृहीतक होते. शेक्सपिअर शिकलेला पदवीधर आठवीच्या वर्गात पहिले वाक्य कसे शिकवायचे याबाबत नवखाच असतो. येथे शिकलेल्यांनी आपापल्या राज्यात जाऊन इतरांना शिकवावे, अशी अपेक्षा होती. 1963 मध्ये दक्षिणेकडील राज्यांसाठी बंगळुरूला प्रादेशिक संस्था निघाली. हैदराबादची संस्था आज इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. भारतातील इंग्रजीच्या वर्तमान आणि भविष्याविषयीचे गोकाकांचे इंग्रजी पुस्तक 1964 मध्ये आले.

मग कन्नडला प्राधान्य देणारा अहवाल कसा?

हैदराबादनंतर गोकाक बंगळुरू विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1980 मध्ये कर्नाटक सरकारने शालेय भाषाधोरणासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. माध्यमिक शाळेत कन्नड हीच पहिली भाषा असावी, अशी शिफारस समितीने केली. अंमलबजावणी रखडल्यावर 1982 मध्ये मोठे आंदोलन झाले आणि अभिनेते राजकुमार त्याच्या अग्रभागी आले. इंग्रजी शिक्षक घडवणाऱ्याने आपली भूमिका बदलली, असे यातून वाटू शकते. पण त्यांच्या लेखी भारतीय भाषा आणि इंग्रजी या एकमेकींच्या वैरिणी नव्हत्या. ‘द्यावा पृथिवी’साठी 1960 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा ते इंग्रजीच्याच संस्थेचे संचालक होते. पुढे 1990 चा ज्ञानपीठ पुरस्कारही कन्नड लेखनासाठीच मिळाला. 28 एप्रिल 1992 रोजी त्यांचे निधन झाले.

आजच्या शिक्षकांशी याचा संबंध काय?

महाराष्ट्रात इंग्रजी पुढे पाचवीवर आणि 2000 पासून पहिलीवर आले. त्यामुळे प्रत्येक प्राथमिक शिक्षक इंग्रजीचा शिक्षक झाला. शिकलेल्याने पुढच्याला शिकवायचे, ही प्रशिक्षणाची साखळी तीच राहिली. तिचा दोषही जुनाच : प्रत्येक टप्प्यावर आशय पातळ होतो आणि जतच्या किंवा पाटणच्या एखाद्या शाळेपर्यंत पोहोचेतो काही महिन्यांच्या निवासी अभ्यासक्रमाचे दोन-चार दिवसांचे शिबिर होते. इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून, यावर वाद होत राहतात. गोकाकांच्या काळात हैदराबादला त्याआधीचा प्रश्न हाती घेतला गेला होता : ती शिकवणाऱ्याला कोण, किती काळ आणि कशी शिकवणार?