मोल्सवर्थ साहेब आणि माझा फसलेला प्रोग्राम

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठीत लिहायचं म्हटलं की अजूनही घाम फुटतो. तरी लिहायला बसले, त्याला कारण एक फसलेला प्रोग्राम.

आमचं मूळ गाव वाशिम जिल्ह्यातलं इंझोरी. आजोबा रोज वही लिहायचे. पाऊस, पेरणी, लग्नं, उसनवारी, सगळं. ते गेल्यावर मी सुट्टीत त्या वह्या टाईप केल्या आणि सी मध्ये सर्च प्रोग्राम लिहिला. गावाचं नाव टाकलं, तर मोजक्याच नोंदी सापडल्या. वह्या चाळल्या तेव्हा कळलं, आजोबा कधी इंझोरी लिहायचे, कधी इन्झोरी. आपल्याला दोन्ही एकच. कॉम्प्युटरला मात्र पहिल्यात युनिकोडची ६ चिन्हं दिसतात, दुसऱ्यात ७. दुसऱ्याच चिन्हाला, अनुस्वार आणि न इथे, तुलना फसते. १९७७ साली प्रसिद्ध झालेला नूथ-मॉरिस-प्रॅट अल्गोरिदम वापरला असता तरी काय, तोही फसलाच असता, फक्त लवकर!

याच शोधात मला जेम्स थॉमस मोल्सवर्थ भेटले.

त्यांचा जन्म १७९५ चा, इंग्लंडमधला. कोवळ्या वयात ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात आले. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांना मराठीची गरज पडू लागली. मोल्सवर्थ मात्र गरजेपुरतं शिकून थांबले नाहीत. जॉर्ज आणि थॉमस कँडी या भावांची मदत घेऊन आणि मराठी शास्त्र्यांना हाताशी धरून ते शब्द जमवत बसले. (मराठीत विरामचिन्हं रुळवणारे मेजर कँडी ते हेच थॉमस.)

विचार करा, तेव्हा मराठीचं लेखन आजच्यासारखं ठरलेलं नव्हतं. एकच शब्द चार जण चार तऱ्हांनी लिहायचे. त्यातलं मुख्य रूप कोणतं, कोणत्या रूपापाशी नुसतं दुसरीकडे बघा असं लिहायचं, शब्द संस्कृतातून आला की फारसीतून, हे एकेका शब्दाशी थांबून ठरवायचं. १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश निघाला तेव्हा त्यात सुमारे ४०,००० शब्द होते. पुढे तब्येत बिघडली आणि साहेबांना मायदेशी परतावं लागलं. त्यांनी सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडींनी पुरा केला, तो १८४७ मध्ये आला. पण साहेबांचं मन इथेच होतं. ते परत आले, जुना कोश पुन्हा तपासला आणि १८५७ मध्ये दुसरी आवृत्ती काढली, सुमारे ६०,००० शब्दांची. १८७१ मध्ये ते इंग्लंडमध्ये वारले. तो कोश आज शिकागो विद्यापीठामुळे कॉम्प्युटरवरही शोधता येतो.

६०,००० शब्द अकारविल्हे लावलेले असले की बायनरी सर्चला जास्तीत जास्त १६ वेळा तुलना पुरते. हे आपण डेटा स्ट्रक्चरच्या पेपरात लिहितो आणि मार्क घेतो. पण ते शब्द आधी कुणीतरी ठरवून, लावून ठेवलेले असावे लागतात. शोधणं सोपं असतं, त्याआधीचं काम अवघड. आणि ते एका परक्या माणसाने आपल्या भाषेसाठी आयुष्यभर केलं. मी इथलीच असून मला मराठीचा कंटाळा यायचा, याची खरंच लाज वाटली.

मग मीही आधीचं काम केलं. शोधण्यापूर्वी झ, त, द अशा अक्षरांआधीच्या अर्ध्या न चा अनुस्वार करून घेतला. अन्न, जन्म, अन्य यांना हात लावला नाही, नाहीतर शब्दच बिघडले असते. प्रोग्राम पुन्हा चालवला आणि राहिलेल्या नोंदी धडाधड आल्या.

त्यात एक माझ्या जन्माच्या दिवसाची होती. नात झाली म्हणून आजोबांनी सगळ्या गावात पेढे वाटले होते. तिथे त्यांनी गावाचं नाव इन्झोरी असं लिहिलं होतं.