हजरत फातिमा (रजि.) यांचा संसार

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कन्या हजरत फातिमा (रजि.) यांचा निकाह हिजरी सन २ मध्ये मदिना येथे हजरत अली (रजि.) यांच्याशी झाला. महर देण्यास वराजवळ रोकड नव्हती. त्यांनी आपले चिलखत देऊन महर अदा केला. वधूला मिळाले ते जाते, पाण्याची मशक आणि खजुरीच्या काथ्याने भरलेली चामड्याची उशी असे मोजके सामान.

दळून दळून हजरत फातिमांच्या हातांना घट्टे पडले. पाणी ओढून हजरत अलींची छाती दुखू लागली. प्रेषितांकडे कैदी आल्याचे कळताच दोघांनी एक सेवक मागितला. परंतु मस्जिदीच्या आश्रयाला राहणारे सुफ्फावासी उपाशी होते. प्रेषितांनी त्यांचा हक्क आधी मानून लाडक्या कन्येस नकार दिला. मग रात्री स्वतः तिच्या घरी येऊन झोपण्यापूर्वी ३३ वेळा सुबहानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणण्यास शिकविले. हजरत अलींनी हा नेम पुढे कधीही सोडला नाही.

हजरत फातिमांचे निधन हिजरी सन ११ मध्ये, वडिलांच्या पश्चात काही महिन्यांतच झाले. नवदांपत्याने घरखर्चाची यादी करताना त्यांचे जाते आठवावे आणि शेजारची थंड चूलही आठवावी.