विश्लेषण : माणूस ‘पक्का’ केव्हा होतो? गोरोबाकाकांचे चरित्र आणि मानवी विकासाचे वाद

मडके नीट भाजले आहे की कच्चे राहिले आहे, हे कुंभार थापटून सांगतो. माणसाबाबत तसे सांगता येते का? अंगणवाडीतल्या नोंदवहीपासून बाल न्याय मंडळाच्या सुनावणीपर्यंत हा प्रश्न रोज कोणासमोर तरी येत असतो. वारकरी परंपरा सांगते, की धाराशिव जिल्ह्यातील तेरचे संत गोरोबाकाका यांनी सातशे वर्षांपूर्वी अशीच परीक्षा चक्क संतांची घेतली होती. त्यांचे चरित्र आणि त्यानिमित्ताने मानवी विकासाच्या मूलभूत संकल्पनांचा हा आढावा.

गोरोबाकाका कोण होते?

तेर हे तेरणा नदीकाठचे गाव. प्राचीन काळी त्याचे नाव तगर होते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात या बाजारपेठेचा उल्लेख आहे. येथील माल भडोच बंदरातून परदेशी जात असे. उत्खननात सापडलेल्या मातीच्या मूर्ती आणि वस्तू आज गावातील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतात. अशा मातीकामाच्या जुन्या गावात एका कुंभाराच्या घरी गोरोबांचा जन्म झाला. परंपरेनुसार त्यांचा काळ इ.स. १२६७ ते १३१७ असा मानला जातो.

त्यांचे चरित्र आपल्यापर्यंत आले ते मुख्यतः संतांच्या अभंगांतून आणि महिपतींच्या ‘भक्तविजय’ या १७६२ मधील ग्रंथातून. योगायोग असा, की त्याच वर्षी फ्रान्समध्ये रुसोचा ‘एमिल’ प्रसिद्ध झाला. मूल म्हणजे छोटा प्रौढ नव्हे, त्याची वाढ त्याच्याच क्रमाने होते, हा विचार युरोपात या पुस्तकाने रुजवला. इकडे महिपती एका कुंभाराच्या आयुष्याची गोष्ट सांगत होते. माणूस घडतो कसा, हा प्रश्न दोन्हीकडे होता.

नावामागची कथा काय सांगते?

गोरोबांचे वडील माधवबुवा आणि आई रखुमाई. कथेनुसार त्यांची आठ मुले दगावली. पांडुरंगाच्या कृपेने त्यातले शेवटचे मूल गोरीतून, म्हणजे मातीच्या खड्ड्यातून, परत मिळाले. म्हणून त्याचे नाव गोरा पडले.

इतक्या मृत्यूंच्या सावलीत वाढणाऱ्या मुलाचे पुढे काय होते? विकासाच्या अभ्यासातला सर्वात जुना वाद इथे सुरू होतो : निसर्ग की संगोपन? मूल जन्मतः जे घेऊन येते ते महत्त्वाचे, की घर, आहार, माणसे आणि प्रसंग? सतराव्या शतकात जॉन लॉक यांनी मुलाचे मन कोऱ्या कागदासारखे असते असे मांडले. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस गाल्टन यांनी आनुवंशिकतेच्या बाजूने जोर लावला. आजचे अभ्यासक दोन्ही बाजू वेगळ्या काढत नाहीत. काळी माती आणि शाडू यांची मडकी एकाच चाकावर सारखी होत नाहीत आणि चांगली मातीही नुसती पडून राहिली तर तिचे मडके होत नाही. जनुके आणि परिस्थिती एकमेकांवर सतत परिणाम करत असतात.

लहानपणीच्या आघाताने माणसाचे भवितव्य ठरून जाते का? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईतील काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशके पाठपुरावा केला. गरिबी, आजारपण, घरातले ताण अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले पुढे सक्षम आणि इतरांची काळजी घेणारी प्रौढ माणसे झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट साधी होती. घरातले किंवा बाहेरचे, पण भरवशाचे एक तरी माणूस त्यांच्या पाठीशी होते.

चिखलातील मुलाची घटना

गोरोबांच्या चरित्रातील सर्वात कठीण प्रसंग सर्वांना माहीत आहे. पत्नी संती पाणी आणायला गेली. जाताना मुलाकडे लक्ष ठेवायला सांगून गेली. गोरोबा मडक्यांसाठी चिखल तुडवत होते आणि विठ्ठलाच्या नामात इतके रंगले होते, की रांगत आलेले मूल पायाखाली आले तरी त्यांना कळले नाही. संती परतली तेव्हा चिखल लाल झाला होता.

पुढची कथा अनेकदा घाईने सांगितली जाते, पण माणसाच्या घडणीच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. संतीने आक्रोश केला, विठ्ठलाला दोष दिला. गोरोबा चिडून तिला मारायला धावले. तिने त्यांना विठ्ठलाची शपथ घातली, की मला स्पर्श करू नका. गोरोबांनी ती शपथ पाळली. पुढे वंश खुंटेल म्हणून संतीनेच आपली धाकटी बहीण रामी हिच्याशी त्यांचे लग्न लावून दिले. दोघींना सारखे वागवा, असे सासऱ्याने बजावले. गोरोबांनी त्याचा अर्थ असा घेतला, की रामीलाही स्पर्श करायचा नाही. एका रात्री दोघींनी झोपलेल्या गोरोबांचे हात आपल्या अंगावर ठेवले. जाग आल्यावर शपथ मोडली म्हणून त्यांनी स्वतःचे हात तोडून घेतले. कुंभाराचे हातच गेले. शेवटी पंढरपुरात नामदेवांचे कीर्तन चालू असताना हात आणि मूल दोन्ही परत मिळाले, अशी या कथेची सांगता आहे.

चमत्काराचा भाग श्रद्धेचा. पण परंपरेने या संताचे दुर्लक्ष, राग आणि अतिरेक झाकलेले नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गोरोबा जन्मतःच परिपक्व होते, असे ती म्हणत नाही. अपराध, शोक आणि संसारातील तिढा यांतून गेलेला हा प्रौढ माणूस आहे आणि त्याचा विकास लग्नानंतर, मूल झाल्यानंतर, सर्वस्व गमावल्यानंतरही चालू आहे.

वाढ टप्प्यांनी होते की सलग?

विकासाच्या अभ्यासातला हा दुसरा मोठा वाद. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे (१८९६-१९८०) यांनी मुलांच्या विचारशक्तीचे चार टप्पे सांगितले : जन्मापासून दोन वर्षे, दोन ते सात, सात ते अकरा आणि त्यापुढे. प्रत्येक टप्प्यावर मूल जगाकडे वेगळ्या पद्धतीने पाहते, असे त्यांचे म्हणणे. इतर अभ्यासकांनी दाखवले, की या सीमा इतक्या काटेकोर नसतात. एका कामात पुढे असलेले मूल दुसऱ्या कामात मागे असू शकते.

पियाजे किशोरवयाशी थांबले. एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये जन्मापासून म्हातारपणापर्यंतचे आठ टप्पे मांडले. त्यांच्या मते प्रत्येक वयात माणसाला एक नवा पेच सोडवावा लागतो. बाळाला जगावर विश्वास ठेवावा की नाही हे ठरवायचे असते, तरुणाला आपण कोण हे शोधायचे असते. मध्यमवयातला पेच पुढच्या पिढीसाठी काही करण्याचा असतो. ते केवळ स्वतःच्या मुलांपुरते असते असेही नाही. ज्याच्या हातून स्वतःचे मूल गेले, तो तेरचा कुंभार संतांच्या सगळ्या मेळ्याचा ‘काका’ झाला, याचा अर्थ या चौकटीत चांगला उमगतो.

थापटण्याची परीक्षा काय होती?

ज्ञानेश्वर, निवृत्तिनाथ, सोपान, मुक्ताबाई, नामदेव अशी संतमंडळी एकत्र जमली होती. मुक्ताबाईंनी गोरोबांच्या हाताशी असलेले थापटणे पाहिले आणि ते कशासाठी वापरतात असे विचारले. मडकी पारखण्यासाठी, असे उत्तर मिळताच, मग आमच्यातले कच्चे कोण तेही पाहा, असे त्यांनी सुचवले. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत गेले. बाकी सगळे शांत बसले. नामदेव मात्र चिडले. गोरोबांनी निकाल दिला, की एवढे एकच मडके कच्चे राहिले आहे.

परंपरेतली जन्मवर्षे धरली तर येथे एक गंमत दिसते. गोरोबा १२६७ चे आणि नामदेव १२७० चे, म्हणजे ‘काका’ आणि ‘कच्चे मडके’ यांत अंतर तीनच वर्षांचे. परीक्षेची कल्पना सुचवणाऱ्या मुक्ताबाई १२७९ च्या, म्हणजे नामदेवांहून नऊ वर्षांनी लहान. वय आणि परिपक्वता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विकासाच्या अभ्यासातले मूलभूत सूत्र या कथेत आधीपासूनच आहे.

मडक्याचा दृष्टांत कुठे अपुरा पडतो?

ओली माती हवी तशी वळते. अर्धवट वाळल्यावर थापटून थोडा आकार देता येतो. सुमारे ६०० अंश सेल्सियसच्या पुढे भाजल्यावर मात्र तिच्या रचनेतच बदल होतो. ती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. आवा थंड झाल्यावर मडके खणखणीत वाजते किंवा बद्द वाजते. त्यानंतर कुंभाराच्या हातात काही उरत नाही.

माणसाच्या बाबतीत यातले पहिले अर्धे बऱ्याच अंशी खरे आहे. सुरुवातीची वर्षे विशेष संवेदनशील असतात. रुमानियातील अनाथालयांत वाढणाऱ्या १३६ मुलांच्या अभ्यासात असे दिसले, की साधारण दोन वर्षांच्या आत प्रेमळ कुटुंबात गेलेल्या मुलांची वाढ उशिरा गेलेल्यांपेक्षा अनेक बाबतींत चांगली झाली. भारतात १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा, म्हणजे आपल्या अंगणवाड्यांचा, पायाही हाच आहे.

दुसरे अर्धे मात्र खरे नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस (१९३९-२००६) यांनी मांडले, की विकास आयुष्यभर चालतो आणि प्रत्येक वयात काही मिळते तसे काही जाते. झटपट विचार करण्याचा वेग तरुणपणानंतर कमी होतो, पण शब्दसंपदा आणि अनुभवाचे ज्ञान साठीपर्यंतही टिकते, वाढते. साठीच्या माणसाला स्मार्टफोन शिकायला नातवापेक्षा वेळ लागतो, पण भावकीतला तंटा मिटवायला गाव त्यालाच बोलावतो. दोन्ही गोष्टी एकाच वयाच्या आहेत.

शिवाय मडके स्वतःला घडवत नाही. माणूस घडवतो.

नामदेवांचे पुढे काय झाले?

कच्चे ठरल्याचा अपमान गिळून नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, त्यांना गुरू केले. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की (१८९६-१९३४) यांचा एक विचार येथे उपयोगी पडतो. मूल आज एकट्याने काय करू शकते एवढेच मोजू नका, जाणत्याच्या मदतीने ते काय करू शकेल तेही पाहा, असे ते सांगत. थापटण्याने नामदेवांची पहिली बाजू मोजली. दुसरी बाजू गुरूजवळ दिसली.

नामदेव १३५० पर्यंत, ऐंशी वर्षे जगले. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली. त्यानंतरची पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी कीर्तनाची परंपरा पुढे नेली, ते पंजाबपर्यंत गेले. तेथील घुमान गावात त्यांचे स्मारक आहे आणि शिखांच्या ‘गुरू ग्रंथसाहिब’मध्ये त्यांची ६१ पदे आहेत. कच्चे मडके म्हणून नामदेवांना बाजूला ठेवले असते, तर यातले काहीच घडले नसते.

आज हा प्रश्न महत्त्वाचा का?

कारण थापटणे आज कायद्याच्या आणि शाळेच्या हातात आहे. मतदानाचे वय १९८९ मध्ये २१ वरून १८ झाले. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार १६ ते १८ वयोगटातील मुलावर अत्यंत गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर परिणाम समजण्याची त्याची क्षमता किती, याची प्राथमिक तपासणी मंडळ करते. प्रौढ म्हणून खटला चालवायचा का, याचा निर्णय त्यावर अवलंबून असतो. दुसरीकडे, आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो, असे मेंदूविज्ञान सांगते. कायद्याला कुठे तरी रेघ ओढावीच लागते. शरीराची आणि मनाची वाढ मात्र त्या रेघेवर येऊन थांबत नाही.

शाळेत रेघ आणखी लवकर ओढली जाते. दुसरी-तिसरीतच एखादे मूल ‘ढ’ ठरते. दहावीचा एक निकाल पुढची अनेक वर्षे पाठ सोडत नाही. नोकरी गेलेल्या चाळिशीतल्या माणसाला आता काय नवे शिकणार, असे सहज म्हटले जाते. परीक्षा घ्यायलाच नको, असे गोरोबांची कथा म्हणत नाही. त्यांनी परखड निकाल दिला आणि तो त्या दिवसापुरता खरा होता. फक्त त्या निकालाने नामदेवांना शिकण्याचा रस्ता दाखवला, दार बंद केले नाही.

कथेनुसार गोरोबांचे तुटलेले हात परत आले ते याच नामदेवांच्या कीर्तनात. दर चैत्र वद्यात तेरला गोरोबाकाकांची यात्रा भरते, तेव्हा या दोघांची गोष्ट पुन्हा सांगितली जाते.