एका कुंभाराची हिशेबवही

कॉलेजच्या फेस्टमध्ये स्टॉल लावलाय कधी? दोन दिवस तुफान गर्दी, श्वास घ्यायला फुरसत नाही. आणि रात्री पैसे मोजायला बसलं की खिशातलेच गेलेले असतात! विक्री झाली, मग पैसा गेला कुठे? हाच प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका कुंभाराला पडला होता. त्याचं नाव जोसाया वेजवुड.

१७३० मध्ये स्टॅफर्डशायरमधल्या बर्स्लम गावात, पिढीजात कुंभारांच्या घरात तो जन्मला. नऊ वर्षांचा असताना वडील गेले आणि शाळा सुटली. भावाच्या हाताखाली काम शिकत असताना देवी आल्या. जीव वाचला, पण उजवा गुडघा कायमचा अधू झाला. पायानं फिरवायचं चाक झेपेना, म्हणून मग तो माती आणि झिलई यांच्या प्रयोगांकडे वळला. प्रत्येक प्रयोग नंबर टाकून वहीत लिहायचा. मोजून लिहून ठेवायची ही सवय पुढे फार कामाला आली.

१७५९ मध्ये त्यानं स्वतःचा धंदा सुरू केला. त्याची सायीच्या रंगाची भांडी राणी शार्लटला आवडली आणि त्यांना ‘क्वीन्स वेअर’ हे नाव मिळालं. १७६८ मध्ये तो दुखरा पाय कापावा लागला, तेही भुलीचं औषध नसताना. पुढच्याच वर्षी लाकडी पायावर उभं राहून त्यानं ‘इट्रुरिया’ हा नवा कारखाना सुरू केला. लंडनची बाजू भागीदार थॉमस बेंटली सांभाळत होता. उमरावांना त्याच्या शोभेच्या फुलदाण्यांचं वेड लागलं होतं. तरी हातात रोकड मात्र टिकेना.

अशात १७७२ उजाडलं. जूनमध्ये लंडनचा बँकर अलेक्झांडर फोर्डाइस सट्ट्यात बुडाला आणि फ्रान्सला पळाला. पाठोपाठ अनेक बँका कोसळल्या, त्यात स्कॉटलंडची एअर बँकही होती. उधारी आटली, मागणी घटली. कारखाना चालू ठेवायचा कसा?

जोसाया वह्या घेऊन बसला. एका फुलदाणीमागे माती किती, मजुरी किती, भट्टीचा कोळसा किती, साचे, फुटतूट, भाडं, कारकुनांचे पगार... सगळं वेगळं काढलं. आकडे जुळेनात. खणत गेल्यावर हेड क्लार्कची लबाडीच बाहेर आली! मग हिशेब दर आठवड्याला तपासायची शिस्त आली.

पण खरा शोध वेगळाच होता. साचे, भाडं, पगार हे खर्च माल कमी काढा की जास्त, घड्याळासारखे चालूच राहतात. म्हणजे एकाच नमुन्याच्या फुलदाण्या जास्त काढल्या, तर प्रत्येकीवरचा बोजा कमी होतो. आज बीकॉमला आपण फिक्स्ड कॉस्ट म्हणून पाठ करतो, ती हीच. उमरावांच्या दिवाणखान्यातली फुलदाणी आता मध्यमवर्गालाही परवडेल अशी किंमत लावता येईल, हे त्याला दिसलं. त्या मंदीत कित्येक धंदे बुडाले, इट्रुरिया मात्र तगला.

या मोजमापाची दुसरी बाजूही आहे. कामगारांना घंटेवर हजर व्हावं लागे आणि नियम मोडला की दंड बसे. मनासारखं काम करणाऱ्या जुन्या कुंभारांना हा जाचच वाटला असणार. खर्च कमी झाला की तो कोणाच्या वाट्याचा कमी झाला, हे विचारायलाच हवं.

मोजायचं वेड त्याला शेवटपर्यंत होतं. भट्टीची उष्णता मोजायचं साधन बनवलं म्हणून १७८३ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १७९५ मध्ये तो गेला. चार्ल्स डार्विन हा त्याच्या मुलीचा मुलगा.

आज बँकेचा ताळेबंद वाचताना जाणकार आधी कॉस्ट टू इन्कम रेशो बघतात. शंभर रुपये कमवायला बँकेनं किती खर्च केले, एवढाच तो प्रश्न. जोसायानं आपल्या फुलदाणीला विचारला होता, जवळपास तोच.

एक हिशेब मात्र त्यानं कधी मांडला नाही. १७८७ मध्ये गुलामगिरीविरुद्ध त्यानं साखळदंडातल्या माणसाचं चित्र असलेलं छोटं पदक बनवलं आणि स्वतःच्या खर्चानं, फुकट वाटलं.