उंदराचा बाप : डग्लस एंगलबार्ट

रात्री काउंटर-स्ट्राइक खेळताना नेम चुकला की आपण माउसलाच शिव्या घालतो! तो ज्यांच्या डोक्यातून निघाला ते एंगलबार्ट १९२५ साली अमेरिकेत पोर्टलंडला जन्मले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते नेव्हीत रडार टेक्निशियन होते.

१९६४ मध्ये त्यांच्या कल्पनेवरून सहकारी बिल इंग्लिश यांनी पहिला माउस बनवला. लाकडी डबी, खाली काटकोनात दोन चाकं, वर एकच बटण. पण साहेबांनी तो आपलाच म्हणून पुढे रेटला नाही. लाइट पेन, जॉयस्टिक, अगदी गुडघ्याने चालवायचं यंत्रसुद्धा लोकांना वापरायला देऊन वेळ आणि चुका मोजल्या. सरावलेल्या हातांत माउसच सरस ठरला.

१९७० मध्ये पेटंट मिळालं, पण मालकी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटची. २०१३ मध्ये एंगलबार्ट वारले, तोवर रॉयल्टीचा एक डॉलरही त्यांना मिळाला नव्हता.