भास्कराचार्य आणि हरभऱ्याची रास

भास्कराचार्य म्हटलं की आपल्याला लीलावती आणि तिच्या हुकलेल्या लग्नमुहूर्ताची गोष्ट आठवते. ती गोष्ट बरीच नंतरची, फैजीने 1587 साली केलेल्या फारसी भाषांतरातली आहे. मला मात्र त्यांचं धान्याच्या राशीचं गणित जास्त आवडतं, कारण आपण दर्यापूरकडची पोरं हरभरा-तुरीचे ढीग बघतच मोठी झालो.

त्यांचा जन्म 1114 सालचा. गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड. ते नेमकं कोणतं यावर अजून वाद आहे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. 36 व्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहिला. लीलावती हा त्याचाच एक भाग.

त्यात ते सांगतात की सपाट जमिनीवरच्या राशीचा घेर मोजा. जाड धान्य असेल तर उंची घेराचा दहावा भाग, बारीक असेल तर अकरावा, कुसळाचं असेल तर नववा. मग घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून उंचीने गुणा, की झाले घनहात. एक घनहात म्हणजे एक खारी. त्यांच्या उदाहरणात घेर 60 हात आहे. जाड धान्याचं उत्तर येतं 600 खारी.

आता खरी गंमत. खारी, आढक, कुडव ही मापं व्हॉल्यूमची. वजनासाठी गुंजा, मासा, पल यांचं कोष्टक त्यांनी वेगळं दिलंय. पण मार्केट यार्डात भाव लागतो क्विंटलला! मधला पूल म्हणजे डेन्सिटी, तीही दाण्यांमधल्या हवेसकट, म्हणजे बल्क डेन्सिटी. हात 45 सेंटिमीटरचा घेतला तर ती रास साधारण 54.7 घनमीटर भरते. हरभरा घनमीटरला 750 किलो धरला तर झाले साधारण 410 क्विंटल.

पण त्या सूत्रात पाय 3 धरलाय. याहून अचूक किंमत भास्कराचार्यांना माहीत होती आणि त्यांनी ती दिलीही आहे. खळ्यावर तोंडी हिशेब जमावा म्हणून इथे 3 घेतला असावा, असं मला वाटतं. खरा पाय घातला तर तीच रास साधारण 52.2 घनमीटर, म्हणजे जवळपास 392 क्विंटल. सरळ 18 क्विंटलचा फरक! शिवाय दाणा पोचट निघाला तर खारी तेवढीच राहते, वजन मात्र घटतं. मापाने वाटा घेणाऱ्याचं तिथे नुकसानच.

1183 मध्ये, 69 व्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल लिहिला. मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाकडे पंडित होता, नातू चांगदेव सिंघणाकडे ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून या नातवाने चाळीसगावजवळ पाटण इथे मठ काढला. 1207 सालचा त्याचा शिलालेख तिथल्या देवळात सापडला.